स्मरणरंजनाचा आरोप आणि ‘द क्युअर’चे चाहते

जुन्या रॉक बँडवर जीव टाकणाऱ्या माणसाबद्दल जगाचे मत ठरलेले आहे. त्याचे प्रेम गाण्यावर नसते, स्वतःच्या तारुण्यावर असते; गाणे नुसते निमित्त. कॉलेजचे दिवस, पहिले प्रेम, खिशात दमडी नसतानाची मौज हे सारे त्या गाण्याला चिकटलेले असते आणि गाणे लागले की तेही परत आल्यासारखे वाटते. पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ काळा टी-शर्ट चढवून कॉन्सर्टला निघाला की घरची मंडळी हसतात. समीक्षकही हसतो, फक्त त्याच्या हसण्याला ‘नॉस्टॅल्जिया’ असे भारदस्त नाव असते.

हे मत मला मान्य नाही. सगळ्याच बँडांच्या बाबतीत ते खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. पण जिथे ते सर्वांत बेधडक ठोकून दिले जाते, तिथेच ते लटके पडते. म्हणून ‘द क्युअर’ या इंग्लिश बँडचे उदाहरण घेतो. लंडनच्या दक्षिणेला ससेक्समध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर आखून वसवलेल्या क्रॉली या गावातली ही शाळासोबत्यांची टोळी. पंकची पहिली लाट ओसरता ओसरता जी ‘न्यू वेव्ह’ आली, तिच्यात १९७९ साली यांचा पहिला अल्बम निघाला. गायक आणि गीतकार रॉबर्ट स्मिथ: पिंजारलेले केस, ओठांबाहेर पसरलेली लाल लिपस्टिक आणि रडवेला असूनही केविलवाणा न होणारा आवाज. पुढच्या साडेचार दशकांत वादक आले, भांडले, गेले, काही परतले. स्मिथ राहिला आणि चाहतेही राहिले. ते का राहिले, एवढाच इथला वाद आहे.

पूर्वपक्ष मांडायचा तर तो पूर्ण बळानिशी मांडायला हवा. त्याचा पहिला आधार मानसशास्त्राचा आहे. साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाच्या मनात उरलेल्या आयुष्यापेक्षा जास्त आणि ठळक राहतात, हे संशोधकांना पुन्हा पुन्हा आढळले आहे. त्या वयात कानावर पडलेले संगीत जन्मभर पुरते. मग ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, त्या पोरांचे काय? त्यालाही उत्तर तयार आहे. कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विशीतल्या मुलांना आईवडिलांच्या तरुणपणीची गाणीही जवळची वाटतात असे दिसले. म्हणजे स्मरणरंजन वारसाहक्कानेही मिळते.

दुसरा आधार संस्कृतिसमीक्षेचा. सायमन रेनॉल्ड्सने २०११च्या ‘रेट्रोमेनिया’ या पुस्तकात पॉप संस्कृतीला स्वतःच्याच भूतकाळाचे व्यसन लागले आहे असे बजावले. त्याच्या कितीतरी आधी, १९३८ साली, तत्त्वज्ञ थिओडोर अडॉर्नोने लोकांचे ऐकणेच मागे घसरत चालल्याची तक्रार केली होती: ओळखीचे तेच पुन्हा ऐकायचे आणि ओळख पटल्याच्या सुखालाच आनंद समजायचे. तिसरा आधार सरळ बाजाराचा. जुने अल्बम नव्या खोक्यात घालून विकले जातात, वर्धापनदिनाच्या आवृत्त्या निघतात, जुना अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत रंगमंचावर वाजवला जातो. द क्युअरनेही हे केले आहे. २००२ साली बर्लिनमध्ये त्यांनी एका बैठकीत तीन अल्बम वाजवले. २०१९ साली सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये ‘डिसइंटिग्रेशन’ हा तीस वर्षांपूर्वीचा अल्बम अख्खा सादर केला.

यातले बरेच मला मंजूर आहे. तारुण्यातल्या आठवणी ठळक असतात, हे खरे. बाजार त्यावर पैसे कमावतो, हेही खरे. काही बँडांचे प्रेम या हिशेबात चपखल बसते. न्यू वेव्हच्याच पिढीतला ‘द पोलिस’ पाहा. मार्च १९८० मध्ये या तिघांनी मुंबईत होमी भाभा सभागृहात कार्यक्रम केला होता, त्यामुळे तो इथल्या जुन्या रॉकवेड्यांनाही जवळचा. त्यांचा शेवटचा अल्बम १९८३चा. पुढे २००७-०८ मध्ये तिघे पुन्हा एकत्र आले, जगभर फिरले, ३५ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमला. नवा अल्बम मात्र निघाला नाही. गाणी तीच आणि लोक आले तेही त्याच गाण्यांसाठी. याला कुणी स्मरणरंजन म्हटले तर मी भांडायला जाणार नाही. माझा आक्षेप आहे तो हेच माप सगळ्यांना लावण्याला.

आता खंडन. पहिला मुद्दा प्रमाणाचा. प्रेमाचे कारण आठवण हेच असेल, तर त्या काळी जे गाणे जास्त वाजले, जास्त कानांवर पडले, त्यावर आज जास्त प्रेम हवे. तसे ते आहे का? १९८३च्या फेब्रुवारीत ‘काजागूगू’ या बँडचे ‘टू शाय’ हे गाणे ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते. रेडिओवर तेच, नाचाच्या हॉलमध्ये तेच. द क्युअरचे एकही गाणे ब्रिटनमध्ये कधी पहिले आले नाही. त्यांची सर्वांत उंच उडी १९८९ सालच्या ‘ललबाय’ची, तीही पाचव्या क्रमांकापर्यंत. आठवणींच्या हिशेबाने पाहिले तर आजची गर्दी काजागूगूच्या दारात दिसायला हवी होती. एकाच काळातली, एकाच पिढीच्या कानांवर पडलेली ही दोन नावे. एकाची आठवण येते, दुसऱ्यासाठी तिकिटाची रांग लागते. या फरकाला पूर्वपक्षाकडे जागाच नाही.

वारसाहक्काचा युक्तिवादही इथेच अडखळतो. घरातून कानावर पडते, हे मान्य. पण आईवडिलांच्या कपाटात एकच रेकॉर्ड नसते. पोरे त्यातले बहुतेक सगळे टाकतात आणि थोडके ठेवतात. गायिका अडेलने २०११च्या ‘२१’ या अल्बमसाठी क्युअरचे ‘लव्हसाँग’ निवडले. जून २०२५ मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवाच्या मुख्य मंचावर तरुण गायिका ऑलिव्हिया रॉड्रिगोने रॉबर्ट स्मिथला बोलावून त्याच्यासोबत दोन गाणी म्हटली, एक १९९२चे आणि एक १९८७चे. रॉड्रिगोचा जन्म २००३चा. ती १९८७ला मुकलेली नाही, कारण १९८७ तिचे नव्हतेच. गाणे तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने आले हे मानसशास्त्र सांगू शकेल. ते तिने का ठेवून घेतले हे सांगायला गाण्याकडेच जावे लागते. तुकारामांच्या अभंगात रमलेल्या वाचकाला आपण सतराव्या शतकासाठी हळवा झालेला म्हणत नाही. मग रॉकच्या श्रोत्यालाच हा न्याय का?

दुसरा मुद्दा गाण्यांच्या आशयाचा, आणि माझ्या मते हा सर्वांत बळकट. स्मरणरंजनाला एक हरवलेला सुखाचा काळ लागतो. द क्युअरच्या गाण्यांत तो सुरुवातीपासूनच नाही. ‘सेव्हन्टीन सेकंड्स’ एप्रिल १९८० मध्ये आला तेव्हा स्मिथ नुकता एकविशीत पाऊल टाकत होता आणि तेव्हाच तो निसटत्या काळाविषयी लिहीत होता. १९८१चा ‘फेथ’ मृत्यू आणि डळमळलेल्या श्रद्धेच्या छायेत आहे. १९८२चा ‘पोर्नोग्राफी’ इतका काळाकुट्ट की त्याच्या दौऱ्यात बँडच फुटला. स्मिथ आणि बेसवादक सायमन गॅलप यांची हातघाई झाली आणि गॅलप निघून गेला. दोनेक वर्षांनी तो परतला, ही गोष्ट वेगळी. ‘डिसइंटिग्रेशन’ १९८९च्या मे महिन्यात निघाला. एप्रिलमध्ये स्मिथ तीस वर्षांचा झाला होता आणि त्या तिशीच्या धसक्यातूनच तो अल्बम आला आहे. त्याचे पहिले गाणे ‘प्लेनसाँग’ ऐकावे. आधी वाऱ्यावर हलणाऱ्या बारीक घंटांची किणकिण, इतकी हळू की आवाज वाढवावासा वाटतो. मग एकदम सिंथेसायझरची भिंत अंगावर कोसळते. आवाज येतो तो बऱ्याच उशिरा, जणू दूरच्या खोलीतून. हे ऐकून कुणाला कॉलेजचे कँटीन आठवत असेल तर आठवो. गाणे मात्र त्याला तिकडे नेत नाही. ते त्याला आपण म्हातारे होणार आहोत हे सांगते, आणि वयाच्या विसाव्या वर्षीही हेच सांगत होते.

म्हणून या बँडचा चाहता वय वाढल्यावर मागे जात नाही. तो गाण्यापाशी पोहोचतो. विशीत जे त्याने अंदाजाने ऐकले, ते साठीत त्याला अनुभवाने कळते. तारुण्य परत देणारी गाणी वेगळी असतात. ही गाणी तारुण्य चालू असतानाच त्याचा निरोप घेत होती.

इथे आपल्या काव्यशास्त्रातला एक विचार उपयोगी पडतो. करुण रसात आनंद कसा, हा प्रश्न संस्कृत साहित्यमीमांसेत पुष्कळ चर्चिला गेला. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली: नाटकातला शोक रामाचाही राहत नाही आणि प्रेक्षकाचाही राहत नाही, तो कुणा एकाच्या मालकीतून सुटतो. अभिनवगुप्ताने पुढे रसास्वादातली सात विघ्ने सांगितली, त्यांपैकी एक म्हणजे प्रेक्षकाचे स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणे. आता पूर्वपक्ष तपासून पाहा. ज्याला आपले शास्त्र रसातला अडथळा मानते, त्यालाच हे लोक चाहत्याच्या आनंदाचे एकमेव कारण ठरवतात. गाणे ऐकताना स्वतःच्या १९८९मध्ये हरवणारा श्रोता असतो, नाही असे नाही. पण तो त्या क्षणी गाणे ऐकत नसतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पोलंडमधल्या क्राकूव शहरात स्मिथने भावाच्या मृत्यूवरचे ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ हे गाणे पहिल्यांदा म्हटले. सभागृहातल्या एकाही श्रोत्याने ते आधी ऐकलेले नव्हते. त्याला चिकटलेली कुणाचीच आठवण नव्हती. तरी ते हजारो लोकांना भिडले. स्मरणरंजनाच्या कोणत्या नियमाने?

तिसरा मुद्दा निवडीचा. स्मरणरंजन आंधळे असते. जुने नाव दिसले की ते पैसे काढते. द क्युअरच्या चाहत्यांनी असे केले का, हे ब्रिटनच्या अल्बमयादीत तपासता येते. १९९२चा ‘विश’ पहिला आला. १९९६चा ‘वाइल्ड मूड स्विंग्स’ नववा, २००० सालचा ‘ब्लडफ्लॉवर्स’ चौदावा, २००४चा ‘द क्युअर’ आठवा आणि २००८चा ‘४:१३ ड्रीम’ थेट तेहेतिसावा. त्यानंतर सोळा वर्षे नवा अल्बम नाही. मग १ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ निघाला आणि पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला. बत्तीस वर्षांनी.

या आकड्यांवर एक रास्त आक्षेप घेता येतो. आज याद्यांचे गणित बदलले आहे. विनाइलची रेकॉर्ड विकत घेणारे निष्ठावंत थोडे असले तरी पहिल्या आठवड्यात यादी हलवू शकतात. कबूल. पण निष्ठावंत २००८ मध्येही होतेच. तेव्हाही हा बँड मोठमोठी सभागृहे भरत होता. तरी त्या अल्बमला त्यांनी तेहेतिसाव्या क्रमांकाचीच किंमत दिली. मैफलीला गेले, अल्बम नाकारला. याला विवेक म्हणतात. आणि २०२४चा अल्बम कुणी नावावर भुलून घेतला असेही नाही. त्यातली ‘अलोन’ आणि ‘एंडसाँग’ ही गाणी ऑक्टोबर २०२२ मध्ये लाटव्हियाच्या रीगा शहरात पहिल्यांदा वाजली होती आणि पुढे वर्षभराहून अधिक काळ कॉन्सर्टमधून लोकांच्या कानांवर पडत होती. माल पारखून घेतलेला होता.

ही दोन गाणी ओळखीच्या सुखासाठी आलेल्या श्रोत्याची सोय मुळीच पाहत नाहीत. ‘अलोन’ पावणेसात मिनिटांचे आहे. एर्नेस्ट डाउसन या १९०० साली बत्तिसाव्या वर्षी वारलेल्या इंग्लिश कवीच्या कवितेतून त्याचे बीज पडले. संथ, जड ठेक्यावर वाद्ये एकेक थर चढवत जातात आणि तीन मिनिटे उलटून गेल्यावर स्मिथचा आवाज येतो. ‘एंडसाँग’ दहा मिनिटांहून लांब, आणि त्यात आवाजासाठी सहा मिनिटे थांबावे लागते. १९६९च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला तेव्हा दहा वर्षांचा स्मिथ वडिलांबरोबर चंद्र पाहत होता. त्या आठवणीतून हे गाणे आले आहे. पूर्वपक्षी इथे टाळी वाजवील: पाहा, आठवणच निघाली! निघाली खरी, पण गाणे त्या आठवणीत मुक्काम करत नाही. त्या रात्रीची आशा, तो मुलगा, ते जग यांपैकी काहीच उरले नाही, असा त्याचा निकाल आहे. भूतकाळाचे सांत्वन हवे असलेल्या माणसाने हे गाणे टाळलेलेच बरे.

२०२२-२३च्या दौऱ्यातला क्रमही बोलका होता. आरंभ ‘अलोन’ने, मुख्य भागाचा शेवट ‘एंडसाँग’ने, दोन्ही तेव्हा अप्रकाशित. ‘फ्रायडे आय अॅम इन लव्ह’सारखी सगळ्यांना पाठ असलेली गाणी सर्वांत शेवटी, पुन्हा मंचावर आल्यानंतर. म्हणजे अडीच तासांहून लांबलेल्या बैठकीत ज्याला फक्त जुने हवे होते, त्याला बराच वेळ नवे ऐकावे लागत होते. लोक उठून गेले नाहीत.

चौथा मुद्दा व्यवहाराचा. स्मरणरंजनाचा धंदा करणारा कलावंत चाहत्याच्या हळवेपणाची पुरेपूर किंमत वसूल करतो. २०२३च्या अमेरिका दौऱ्यात क्युअरने तिकिटे मुद्दाम स्वस्त ठेवली, काही तर २० डॉलरची. मागणीनुसार किंमत चढवत नेण्याची पद्धत नाकारली आणि कायद्याने चालेल तिथे तिकीट दुसऱ्याच्या नावावर करायला बंदी घातली. मग विक्री सुरू झाली आणि चाहत्यांनी आपापल्या पावत्या लोकांसमोर ठेवल्या. त्यांतली एक गाजली: २० डॉलरची चार तिकिटे, म्हणजे ८० डॉलर, त्यावर दर तिकिटाला ११.६५ डॉलर सेवाशुल्क, १० डॉलर सभागृहाचे आणि एकूण मागणीवर साडेपाच डॉलर. शुल्काची बेरीज ९२.१०. मालापेक्षा हमाली जास्त! स्मिथने जाहीरपणे चीड व्यक्त केली, तिकीट कंपनीकडे जाब मागितला आणि सर्वांत स्वस्त तिकिटे घेतलेल्यांना दर तिकिटामागे दहा डॉलर, बाकीच्यांना पाच डॉलर परत मिळवून दिले.

रक्कम किरकोळ आहे. पण चाळीस वर्षे मंचावर काढलेल्या माणसाने चाहत्याची पावती वाचावी, तिच्यावर भांडावे, यातून त्या नात्याचा पोत दिसतो. प्रेम एकतर्फी असते तर त्याला आठवणींचे दुखणे म्हणता आले असते. इथे दोन्ही बाजू हिशेब चोख ठेवतात. चाहते वाईट अल्बम नाकारतात आणि बँड चाहत्याला लुटू देत नाही.

आता मंडन. माझ्या मते अशा टिकाऊ प्रेमाचे खरे कारण विश्वास हे आहे, आणि विश्वास आठवणीने मिळत नाही, वागण्याने मिळतो. द क्युअरने चाहत्यांना अनेकदा नाराज केले. ‘पोर्नोग्राफी’च्या अंधारानंतर लगेच स्मिथने ‘लेट्स गो टू बेड’ आणि ‘द लव्हकॅट्स’ अशी उनाड, नाचरी गाणी केली, तेव्हा आधीचे भाविक चिडले होते. ठरलेला साचा विकत राहणे सोपे होते. त्याने तो मोडला. पुढे पॉपचा साचा चालू लागल्यावर ‘डिसइंटिग्रेशन’ करून तोही मोडला; हा अल्बम म्हणजे धंद्याची आत्महत्या आहे असे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीला वाटले होते, हे त्यानेच सांगून ठेवले आहे. समोरचा माणूस आपल्याला खूश करण्यासाठी गात नाही, त्याला गायचे आहे ते गातो, अशी खात्री पटली की श्रोता त्याच्या चुकांसकट त्याच्याजवळ थांबतो. पुढच्या वेळी काय येईल हे पाहायला तो तयार असतो. म्हणूनच सोळा वर्षांची वाटही निघते.

या प्रेमात जुनी गाणीही नवी राहतात. १९८०चे ‘अ फॉरेस्ट’ या बँडने हजाराहून अधिक वेळा वाजवले आहे. शेवटी गिटार थांबते, ढोल थांबतात आणि गॅलपचा एकटा बेस उरतो. अख्खे मैदान त्या ठेक्यावर टाळ्या धरते, बेस कधी लांबतो, कधी आवरतो आणि लोक त्याच्या मागे जातात. मूळ रेकॉर्डमध्ये या टाळ्या नाहीत. त्या श्रोत्यांनी घातलेली भर आहे आणि आज ती गाण्याचा भाग झाली आहे. अडॉर्नोच्या मागे घसरलेल्या श्रोत्याला हे जमले नसते. तो ओळख पटली की समाधान पावतो, गाण्यात भर घालत नाही.

सारांश, आठवण ही अशा प्रेमाची सोबतीण असू शकते. तिला जननी ठरवण्याइतका पुरावा पूर्वपक्षाने दिलेला नाही. जुन्या बँडच्या चाहत्याला हळवा म्हणण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. बँडने नवे काही आणले का, आणि आणले तेव्हा चाहत्याने ते पारखून घेतले का? दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल तर स्मरणरंजनाचा आरोप खुशाल करावा, मी त्यात सामील होईन. द क्युअरच्या चाहत्यांवर मात्र तो करायचा असेल, तर आरोप करणाऱ्याने आधी २००८चा तेहेतिसावा क्रमांक आणि २०२४चा पहिला, या दोहोंमधला फरक आठवणींच्या भरवशावर समजावून द्यावा.